पावाच्या कडा

लीलाताईंच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला एक पान लिहून मागितलंय. त्यांचं वार्षिक निघतं, त्यात 'प्रेमाने जगलेलं आयुष्य' अशा मथळ्याखाली लीलाताईंविषयी छापायचंय. आधी त्यांनी लीलाताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, शेजारच्या शालूला विचारा, ती बोलते. झालं. दोन दिवसांनी साहेब माझ्या दुकानात हजर, आणि मी साडीला फॉल लावत बसलेली.

मी म्हटलं, "साहेब, मी तुमच्यातली न्हाय. आमच्या घरात जोतिबा. आणि मला गोडगोड लिवता येत न्हाय, आधीच सांगून ठेवते."

"जसं घडलं तसं लिहा," ते म्हणाले.

तेव्हा लिहिते. बोलायला लागले की माझं कोल्हापूरचं तोंड सुटतं, लिहायला बसले की दहावीपर्यंतची शाळा आठवते, त्यामुळे दोन्हीची भेसळ होणार. आणि एका पानात हे बसणार नाही.

लीलाबाई शांतवन आवळे. वय अडुसष्ट. चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. राजारामपुरीत आमच्या गल्लीत माझं पिको-फॉलचं दुकान आणि त्याला लागून त्यांच्या दोन खोल्या. मधली भिंत एका विटेची. पलीकडे कुणी खोकलं तरी मला कळतं, म्हणून मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही.

गल्लीतली माणसं म्हणतात, काय प्रेमळ बाई आहे. मला ह्या बोलण्याचा राग येतो. प्रेमळ म्हणणाऱ्याला काही करावं लागत नाही, करावं लागतं ते ह्यांना. "सिस्टर, जरा येता का?" म्हणून दिवसातून चारदा हाक येते. कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या सासूचं ड्रेसिंग, कुणाचं बीपी. त्या 'जरा'नंच त्यांचे गुडघे गेले. मी बघते की. उठताना आधी दाराची चौकट धरतात, मग डोळे मिटतात, मग उठतात. संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावत नाहीत. एकदा माझ्या दुकानात ब्लाउज घ्यायला आल्या आणि मी बटण लावेपर्यंत स्टुलावर बसल्या बसल्या झोपल्या. उठवायचा जीव होईना. गिऱ्हाईक आलं, त्याला मी खुणेनंच गप्प केलं.

पण मला सांगायचीय ती गोष्ट वेगळी आहे. ह्या बाईनं अख्ख्या गल्लीवर माया केली आणि एका माणसावर करता आली नाही. ती सल त्यांना सहा वर्षं होती.

तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले दीर, अंबादास. ख्रिस्ती माणसाचं नाव अंबादास कसं, असं मी विचारलं होतं. तर ते जन्मले तेव्हा त्यांच्या वडिलांनी अजून बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, म्हणून थोरल्याचं नाव अंबादास राहिलं. धाकटा नंतर झाला, तो शांतवन. शांतवनदादा म्हणजे लीलाताईंचे मिस्टर. छापखान्यात होते. आवाज चढवून बोललेले मी कधी ऐकले नाहीत, भिंत एका विटेची असून. अंबादास त्यांच्या उलटे. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, पेठ वडगावला घर. माणूस कामावर दोन मिनिटं उशिरा आला तर परत पाठवायचे. ताठ मान, कडक इस्त्री, आणि बोलणं म्हणजे नुसतं व्हय किंवा न्हाय.

शांतवनदादा गेले दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये, हार्टनं. जाण्याआधी दोन दिवस एकच म्हणत होते, मला आईजवळ ठेवा.

आता हे आमच्या लोकांना कळत नाही, म्हणून सांगते. त्यांच्या कबरस्तानात जागा उरलेली नाही. मग जुनी कबर बरीच वर्षं झाली की उघडतात, आतली हाडं पांढऱ्या कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवतात आणि त्याच घरातलं माणूस तिथं ठेवतात. पण चर्चच्या दप्तरात ती कबर ज्याच्या नावावर असेल त्याची सही लागते. आईची कबर होती अंबादासांच्या नावावर.

त्या दिवशी मी हार घेऊन गेलेते. पेटी चर्चच्या पायरीजवळ ठेवलेली, खणणारे दोघं कुदळी घेऊन थांबलेले. चर्चच्या सेक्रेटरींनी कागद पुढं केला. अंबादास म्हणाले, "न्हाय." लीलाताईंनी हात जोडले. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांची एवढी एकच इच्छा होती." ते म्हणाले, "न्हाय. मी थोरला. आईजवळ मी." आणि घड्याळ बघितलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, सख्खा भाऊ पेटीत आणि हा माणूस घड्याळ बघतोय.

शांतवनदादांना मग पार टोकाला, कंपाउंडच्या भिंतीकडेला ठेवलं. भिंतीपलीकडून रस्त्याचं गटार जातं. लीलाताई रडल्या नाहीत. परत येताना रिक्षात मला म्हणाल्या, "शालू, ह्या माणसाला मी माफ करू शकणार नाही. मला कळतंय ना, की करायला पाहिजे. पण नाही होणार."

मी म्हटलं, "कशाला करायचं? अजिबात करू नका."

मला ते सोपं होतं, त्यांना नव्हतं. त्यांच्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचा एक लहान तुकडा आणि बारक्या पेलीतून द्राक्षरसाचा एक घोट. ताट बाकांवरून फिरत येतं, ज्यानं त्यानं आपला तुकडा घ्यायचा. पण मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी जाऊन ती मिटवायची आणि मगच त्या पावाला हात लावायचा, अशी रीत आहे. पाळणारे किती असतील देव जाणे. जावाजावांची भांडणं तिथंही आहेत, आणि तरी दोघी एकाच बाकावर बसून खातात, हे लीलाताईंनीच मला हसत सांगितलंय. त्यांनी स्वतः मात्र पाळली. त्या एप्रिलपासून ताट आलं की त्या नुसतं पुढच्याला द्यायच्या.

आणि गंमत बघा. तो पाव कापायचं काम त्यांचंच. वीस वर्षं त्यांच्याकडेच आहे. शनिवारी संध्याकाळी बेकरीतून मोठा पाव आणायचा, सुरीनं चारी बाजूंच्या तपकिरी कडा काढायच्या, मधल्या पांढऱ्या भागाचे सारखे बारीक तुकडे करून डब्यात भरायचे. टेबलाचं पांढरं कापड धुऊन इस्त्री करायचं. पेल्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. सगळी तयारी करायची आणि खायचं नाही. पहिल्या रविवारी त्या चर्चमधून परत यायच्या तेव्हा चेहरा असा असायचा, की माहेरच्या दारापर्यंत जाऊन पाणी न पिता माघारी आल्यात. कडा तेवढ्या घरी राहायच्या. त्या लीलाताई चहात बुडवून खायच्या.

पुढं बावीसच्या दिवाळीआधी अंबादासांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बायको आधीच वारलेली. मुलगा अभिराम पुण्यात, नवराबायको दोघं नोकरीला. तो वाईट नाही पोरगा, पण घाबरट आहे. म्हणाला, कुठंतरी ठेवायची सोय बघतो. लीलाताई म्हणाल्या, एकदा बघून येऊ. मीही गेले, एकटीला कसं सोडायचं.

अंबादास खाटेवर पडलेले. कडक इस्त्रीचा माणूस, दाढी वाढलेली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. लीलाताईंनी विचारलं ना पुसलं, सरळ त्यांना कुशीवर केलं आणि पाठ बघितली. कंबरेखाली जखम पडली होती, रुपयाएवढी. त्यांनी ती बघितली आणि अभिरामला म्हणाल्या, "मी घरी नेते."

रिक्षात मी त्यांना असं झाडलं, की रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. "तुमच्या डोक्यात काय भुसा भरलाय? ज्या माणसानं तुमच्या नवऱ्याला गटाराकडेला लोटलं त्याला घरात आणताय? तुम्हाला काय मेडल पायजे हाय का?"

त्यांनी रिक्षावाल्याला पुढं बघायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मला ते आवडत नाहीत, शालू. अजून नाही आवडत. पण पाठीला जखम झालीय ती मी बघितली. बघितल्यावर काय करू सांग."

तरी मी रागातच होते, चार दिवस बोलले नाही.

अडीच वर्षं ते माणूस ह्यांच्या बाहेरच्या खोलीत पडून होतं. दर दोन तासांनी कुशीवर करायचं. अंग पुसायचं, पावडर लावायची, डायपर बदलायचा. भात मऊ शिजवून, कुसकरून, चमच्यानं भरवायचा, आणि भरवल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, नाहीतर ठसका लागतो. आधी त्यांचं, मग ह्यांचं स्वतःचं. दुपारचे तीन वाजायचे कधीकधी ह्यांना तोंडात घास घालायला. जखम दीड महिन्यात भरली. परत एकदाही झाली नाही. डॉक्टरनंसुद्धा कौतुक केलं, तेव्हा ह्या नुसत्या म्हणाल्या, "पुढची तारीख कधी देताय?"

ह्या सगळ्यात एक फार वाईट होतं. अंबादासांचं बोलणं गेलं, पण एक शब्द राहिला. न्हाय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द तेवढा शिल्लक राहतो आणि माणूस सगळ्याला तोच वापरतो. चहा देऊ का? न्हाय, आणि तोंड उघडायचे. पंखा लावू? न्हाय, आणि मान हलवायचे. दुखतंय का? न्हाय, न्हाय, आणि डोळ्यांत पाणी. चर्चच्या पायरीवर जो शब्द त्यांनी टाकला तोच शब्द ह्या बाईला रोज ऐकावा लागायचा. एके दुपारी मी मशीन बंद ठेवून भिंतीपलीकडून मोजले. एक्केचाळीस वेळा. मला वाटलं, देवा, जोतिबा म्हण की येशू म्हण, ही कसली रे तुझी थट्टा.

आणि लीलाताई काही त्यांच्याशी गोड बोलायच्या नाहीत, हेही लिहिते. लोकांना वाटतं हसत हसत केलं असेल. नाही. गप्प राहून करायच्या. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. एकदा मी विचारलं, आता तरी मन निवळलं का? म्हणाल्या, "नाही गं. त्यांचं धुताना मला शिसारी येते. घाणीची नाही. घाणीची सवय आहे मला. त्यांची येते."

पाळकसाहेब, तुम्हीही त्यांना अंबादासांच्या खाटेपाशीच समजावलं होतं, आठवतंय का? तुम्ही म्हणालात, लीलाबाई, तुम्ही एवढं करताय म्हणजे क्षमा केलीतच की, आता पाव घ्या. तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, हे माझे हात करतात. मी नाही करत." मी दारातच उभी होते.

त्याच दिवशी तुम्ही अंबादासांसाठी पाव आणला होता. आजारी माणसाला घरी येऊन देता तुम्ही, तसा. तर त्यांनी दात आवळले, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि न्हाय. असं तुम्ही तीनदा आलात आणि तीनदा तसंच झालं. एरवी न्हाय म्हणून तोंड उघडणारा माणूस, तेव्हा मात्र दातांना दात. लीलाताई म्हणाल्या, "मरायला टेकले तरी ताठा जात नाही." मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघी चुकलो. तुम्हीही चुकलात, वाईट वाटून घेऊ नका.

ह्या जानेवारीतली गोष्ट. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी अंबादासांना कुशीवर करताना लीलाताईंची कंबर धरली. रविवारी सकाळी उठताच येईना. मला भिंतीवर टकटक करून बोलावलं. म्हणाल्या, "पावाचा डबा आणि कापड तेवढं चर्चमध्ये पोचवशील? दहाच्या आत."

मी गेले. डबा दिला, कापड दिलं, परत निघाले तर एका बाईनं हाताला धरून शेवटच्या बाकावर बसवलं. म्हणाली, आलाच आहात तर बसा. बसले. गाणी चांगली झाली, पेटी-तबला होता. मग ताट फिरायला लागलं. चष्मेवाले एक वडील (त्यांच्यात चर्चच्या पंचांना वडील म्हणतात) ताट घेऊन माझ्यापाशी आले.

आता मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. मी तीन तुकडे उचलले. वडील माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, तीन उचलले म्हणून बघतायत, तर मी त्यांना हळूच सांगितलं, "घरी दोघं आजारी हायत." आणि रुमालात बांधले. आमच्यात प्रसाद असाच आणतात की. वाडीला दत्ताला गेलो तरी घरी जो राहिलाय त्याचा वाटा आधी बांधून घेतो, आपला नंतर खातो. न आणला तर घरच्यानं काय समजायचं? रसाची पेली मात्र घेतली नाही, रिक्षात सांडली असती.

घरी आले. लीलाताई, मी बसवून गेले होते तशाच, पाठीला उशी लावून अंबादासांच्या खाटेशेजारी खुर्चीत बसलेल्या. सकाळपासून पोटात काही नाही, हे तोंडावरून दिसत होतं. खाटेच्या कडेला वाटीत उरलेला चहा. आदल्या दिवशीच्या पावाच्या कडा, दर महिन्यासारख्या, त्यात भिजवून अंबादासांना भरवून झाल्या होत्या. मी रुमाल सोडला आणि म्हटलं, "घ्या, तुमचा प्रसाद आणलाय."

त्यांनी बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं शालू, हे काय केलंस? हा असा आणत नाहीत."

"का? उष्टा न्हाय, हात धुतलेते मी."

मग त्यांना हसू फुटलं. कंबर धरून हसायला लागल्या, दुखतंय दुखतंय म्हणत हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. मला जरा रागच आला, पण इतक्या दिवसांनी हसल्या म्हणून गप्प बसले. मग त्यांनी मला सांगितलं, की हा त्यांच्यातल्या माणसांनीच तिथल्या तिथं खायचा असतो. आणि प्रार्थना केलेला पाव टाकत नाहीत. उरला तर पाळक आणि वडील मिळून खाऊन संपवतात.

"मग आता?" मी म्हटलं.

"आता कुणीतरी खायला पाहिजे."

"तुम्ही खा."

त्यांनी मान हलवली. मग एक तुकडा घेऊन अंबादासांच्या ओठांशी नेला. त्यांनी दात आवळले. "न्हाय."

आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी लीलाताईंचा आवाज चढलेला ऐकला. म्हणाल्या, "मग काय करू मी ह्याचं? सांगा ना. दोन वर्षं तुमचं न्हाय ऐकतेय. त्यांनी आईजवळची जागा मागितली, तुम्ही न्हाय म्हणालात. मी हात जोडले, तुम्ही घड्याळ बघितलंत. सहा वर्षं झाली, ह्या पावाला मी शिवले नाही. तुमच्यामुळे. माझ्या हातानं कापते आणि खात नाही. मला तुम्ही नकोसे वाटता भाऊजी, रोज वाटता, आत्तापण वाटता. मी दमले. मला आता काही होत नाही."

एवढं बोलून तो तुकडा हातात धरून त्या नुसत्या बसल्या. मी दारात उभी.

अंबादास त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात उचलला. चांगला हात तोच, पण दोन वर्षं झोपून त्यातही जोर उरला नव्हता, लटलट कापत होता. त्यांनी लीलाताईंच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला. मला वाटलं फेकतात. तर त्यांनी तो लीलाताईंच्या तोंडापाशी नेला. हात आधी हनुवटीला लागला, मग गालाला. लीलाताईंनी ओठ मिटलेले. अंबादासांनी हात मागं घेतला नाही. दंड दुखत असणार, रडत होते, नाक वाहत होतं, पण हात तसाच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन वेळा पाळकसाहेब आले आणि हा माणूस दात आवळून राहिला तो ताठ्यानं नव्हे. त्यालाही तीच रीत माहीत होती. ज्या बाईशी वाकडं आहे ती समोर उपाशी बसलेली असताना त्याला तो पाव चालत नव्हता. एका खोलीत दोघं, एक भरवणार आणि एक खाणार, आणि दोघांनीही एकमेकांच्या नावानं तोच एक घास बंद केलेला. आणि ह्याला ते सांगायला शब्दही उरला नव्हता.

लीलाताईंनाही कळलं. त्यांना न विचारता सांगते, कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मग लीलाताईंनी तोंड उघडलं, आणि अंबादासांनी तो तुकडा आत ठेवला. मग अंबादासांनी आपलं तोंड उघडलं, चहाला उघडायचे तसं. लीलाताईंनी दुसरा तुकडा चहाच्या वाटीत बुडवून, मऊ करून त्यांच्या जिभेवर ठेवला. कोरडा दिला असता तर ठसका लागला असता, ते त्या अशा वेळीसुद्धा विसरल्या नाहीत.

तिसरा माझ्या रुमालात राहिला होता. टाकायचा नाही म्हणाल्या होत्या, म्हणून मी खाल्ला. ह्यावर कुणाला काही म्हणायचं असेल तर मी दुकानातच असते.

मला वाटलं, आता सगळं बदलेल. काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी तेच कुशीवर करणं, तेच पुसणं, तेच न्हाय. मी विचारलं तर लीलाताई म्हणाल्या, "प्रेमबिम काही आलं नाही गं मला. फक्त राग धरायची ताकद संपली." पण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ताट आलं तेव्हा त्यांनी तुकडा घेतला. हे मला चष्मेवाल्या वडिलांनी सांगितलं. आता ते माझ्याकडे पँट आल्टर करायला देतात.

एप्रिलमध्ये अंबादास गेले. सकाळी, अंग पुसून झाल्यावर. लीलाताईंनी डोळे मिटवले, हनुवटी बांधली, पाठ एकदा बघितली. स्वच्छ होती.

सेक्रेटरी कागद घेऊन घरीच आले. कबर अंबादासांच्या नावावर, त्यांच्यामागं हक्क अभिरामचा. तो दुपारी पोचला आणि रडत म्हणाला, "काकू, तुम्हीच ठरवा. तुम्ही सांगाल तिथं, मी सही करतो." आईची कबर उघडायची, की नवीन ओळीत भिंतीकडेला जागा घ्यायची. कागद लीलाताईंच्या पुढ्यात. आता न्हाय म्हणायची पाळी त्यांची होती. मी खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, म्हणा. एकदा म्हणाच. त्या माणसानं पाव भरवला म्हणून शांतवनदादांचं गटार काही हटलं नाही.

लीलाताईंनी चष्मा पुसला, कागद वाचला, आणि बोट ठेवून अभिरामला सहीची जागा दाखवली. म्हणाल्या, "आईजवळ उघडा. तिच्या दोघांतलं एक तरी पोर तिच्याजवळ जाऊ दे."

मी गेल्यावर मला माझ्या मिस्टरांशेजारी ठेवा, भिंतीकडेला, हेही त्यांनी त्याच वेळी सेक्रेटरींना लिहून घ्यायला लावलं. साक्षीदार म्हणून मी सही केलीय.

मेच्या पहिल्या रविवारचा आदला दिवस, शनिवार. मी दुकान आवरत होते, पलीकडे सुरीचा आवाज येत होता. मग थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना, म्हणून गेले. डबा भरून तयार होता. खाट रिकामी, गादी वर गुंडाळून ठेवलेली. आणि लीलाताई खाली बसलेल्या, पुढ्यात अंबादासांची स्टीलची वाटी, त्यात कडा चहात भिजवून मऊ केलेल्या. सवयीनं केल्या होत्या. कुणाला भरवायच्या ते भिजवल्यावर आठवलं.

त्या रडत होत्या. नवरा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या त्या बाई. मी शेजारी बसले. म्हणाल्या, "आता येतंय गं शालू. इतकी वर्षं वाट बघितली, आलं नाही. आता माया येतेय, आणि माणूस नाही. आता काय करू मी तिचं?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "सिस्टर, जरा येता का?" त्यांनी पदरानं डोळे पुसले, चौकट धरली, उठल्या आणि गेल्या. मी ती वाटी जवळ ओढली आणि त्या परत येईपर्यंत कडा खात बसले.